टिफच्या पोटात जेपेग: फोटो आधी दाबला गेला होता का, हे ओळखायची रीत

फोंड्याकडच्या आमच्या देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी फोटो गोळा करायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. एका वर्षी कावी कलेच्या, म्हणजे चुन्यावर तांबड्या मातीने केलेल्या नक्षीच्या भिंतीचा एक फोटो आला. फाइल टिफ, म्हणजे सहसा तपशील न गाळता साठवायचा प्रकार, वजन साडेपाच एमबी. देणारे काका म्हणाले, "अरे, ओरिजिनल आहे तो. मुद्दाम टिफ करून घेतलाय." मी तो पान भरून लावला. छपाईआधी चुना जरा उजळ करून घेतला, आणि अंक हातात आला तेव्हा त्या पांढऱ्या चुन्यावर लाद्या बसवल्यासारखे बारीक चौकोन उमटले होते. तांबड्या रेघांना मळकट कड आली होती. छापखान्याची काही चूक नव्हती. फोटो माझ्याकडे येण्याआधीच कुठेतरी दाबला गेला होता, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी त्यातला तपशील गाळला गेला होता, आणि मी तो न तपासता पुढे पाठवला होता.

जीर्णोद्धारात अशा भिंती जातात. मग उरतो तो फोटोच. म्हणून हाती आलेली प्रत मूळ आहे की मुळाची गाळीव प्रत, हे वेळेवर कळायला हवं. वेळेवर म्हणजे ज्याच्या फोनमध्ये मूळ आहे त्याने ते पुसायच्या आत. तेव्हापासून मी प्रत्येक फाइल ज्या रीतीने तपासतो, ती इथे देतो. लागणारी सगळी साधनं फुकट आहेत: फोटो मोठा करून बघायला गिम्प, पिक्सेल मोजायला इमेजजे, फाइलची माहिती वाचायला एक्झिफटूल आणि एखादी स्प्रेडशीट.

जेपेग आत काय करतो

एवढं कळलं की पुढच्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

जेपेग म्हणजे फोटो दाबून फाइल लहान करायची पद्धत. तिचं प्रमाण १९९२ सालचं. त्यात आधी चित्राचे तीन भाग होतात: एक उजेडाचा, दोन रंगाचे. माणसाच्या डोळ्याला रंगातले बारकावे कमी कळतात, म्हणून रंगाचे भाग बहुतेक वेळा उभे-आडवे निम्मे करून टाकतात. मग प्रत्येक भागाचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पडतात. प्रत्येक ठोकळा डीसीटी नावाच्या गणितातून जातो. नासिर अहमद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते १९७४ साली मांडलं. त्यातून ६४ आकडे निघतात. पहिला त्या ठोकळ्याचा सरासरी उजेड सांगतो, बाकीचे त्यातल्या लाटा, संथ लाटेपासून अगदी बारीक लाटेपर्यंत.

इथपर्यंत रंगातले बारकावे सोडले तर फारसं काही हरवत नाही. हरवतं ते पुढच्या पायरीला. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या एका संख्येने भागून उत्तर पूर्णांकात आणतात. समजा आकडा ३७ आहे आणि भाजक १०. उत्तर ३.७, म्हणजे ४. फाइल उघडताना ४ गुणिले १० असे ४० मिळतात. ४३ चेही ४०च होतात. आणि आकडा ४ असेल तर त्याचा शून्य होतो, तो कायमचा गेला. पुढे ती फाइल टिफ करा, पीएनजी करा, हार्ड डिस्कवर दहा वर्षं ठेवा, ३७ परत येत नाही.

खुणा याच गाळणीच्या असतात. शेजारच्या ठोकळ्यांत वेगवेगळी चूक झाली की त्यांच्यामध्ये शिवण दिसते. बारीक लाटा कापल्या गेल्या की गडद रेघेच्या आजूबाजूला तरंग उठतात. रंग निम्मा झाला की तो रेघेबाहेर सांडतो. आणि डीसीटीचे आकडे भाजकाच्या पटींवर गोळा होऊन मधल्या जागा रिकाम्या राहतात. या चारांपैकी पहिल्या तीन खुणा आपल्याला डोळ्याने किंवा साध्या हिशेबाने सापडतात.

आधी फाइलचे कागदपत्र

फोटो उघडण्याआधी फाइलकडे बघा. नावात 'आयएमजी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडे असतील तर ती अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपने उतरवलेली प्रत आहे. नाव बदललेलं असेल तर मापं बघा. साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू व्हॉट्सअॅप वर्षानुवर्षं १६०० पिक्सेलवर आणत आलं आहे. काकांच्या टिफचं माप होतं १६०० बाय १२००. गुणिले तीन रंग, म्हणजे ५७,६०,००० बाइट. तेच साडेपाच एमबी! वजन न दाबलेल्या टिफचं होतं, तपशिलाचं नव्हतं. माप मी तेव्हाच बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं, कारण ए४ पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल घेऊन छापायचं तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात.

एक्झिफटूलमध्ये फाइल टाकली की कॅमेऱ्याचं नाव, तारीख आणि सॉफ्टवेअर दिसतं. व्हॉट्सअॅप ही माहिती काढून टाकतं. तेव्हा फोनवर काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याचा उल्लेखच नसेल तर तो मध्ये कुठेतरी फिरून आलाय असं धरून चाला. हा पुरावा नव्हे, संशयाचं कारण.

फाइलच्या शेवटच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. नुसतं नाव बदलून पीएनजी केलेला जेपेग मला कितीदा तरी मिळाला आहे. खरा प्रकार सुरुवातीच्या बाइट्समध्ये असतो. जेपेग नेहमी एफएफ, डी८ ने सुरू होतो. खऱ्या पीएनजीमध्ये पहिल्या बाइटनंतर 'पीएनजी' हीच तीन रोमन अक्षरं असतात, आणि टिफची सुरुवात दोन 'आय' किंवा दोन 'एम'ने होते. एक्झिफटूल हे वाचून खरा प्रकार सांगतं. टिफच्या आतही जेपेग दाबणी असू शकते, त्यामुळे 'कॉम्प्रेशन' ही ओळ वाचायला विसरू नका. स्कॅन केलेल्या कागदांच्या पीडीएफमध्येही पुष्कळदा पानागणिक जेपेगच भरलेला असतो.

फाइल आज जेपेगच असेल तर तिच्यात भाजकांचा तक्ता जसाच्या तसा असतो. विंडोजवर जेपेगस्नूप तो काढून दाखवतं. बहुतेक फुकट सॉफ्टवेअर ज्या लिबजेपेग पद्धतीने चालतात, तिच्यात उजेडाच्या तक्त्याची पहिली ओळ दर्जा (साठवताना निवडतो तो १०० पर्यंतचा आकडा) ७५ ला ८, ६, ५, ८, १२, २०, २६, ३१ अशी येते. दर्जा ९५ ला ती २, १, १, २, २, ४, ५, ६ होते. आकडे जितके मोठे, तितकी गाळणी जाड. कॅमेरे आणि फोटोशॉप स्वतःचे तक्ते वापरतात, म्हणून एकाचा ९० आणि दुसऱ्याचा ९० सारखे धरू नका.

हा तक्ता फक्त शेवटच्या दाबणीचा असतो, आणि नेमका तिथेच तो उपयोगी पडतो. तक्ता म्हणतोय ९५ आणि चित्रात ढळढळीत चौकोन दिसताहेत, तर ते चौकोन या दाबणीचे नाहीत. आधी कोणीतरी फोटो जास्त दाबला आणि नंतर 'चांगल्या दर्जात' साठवला. असा विसंवाद सापडला की मी लगेच मूळ प्रत मागतो, पुढचं तपासत बसत नाही.

डोळ्याने बघणं

बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं, म्हणून घाई करू नका.

फोटो गिम्पमध्ये उघडा आणि ८०० टक्क्यांवर मोठा करा. फोनच्या गॅलरीत किंवा साध्या व्ह्यूअरमध्ये नको, तिथे मोठं करताना पिक्सेल मऊ होतात आणि शिवणी लपतात. मग 'इमेज' मेनूतल्या 'कॉन्फिगर ग्रिड'मध्ये अंतर ८ पिक्सेल ठेवा आणि 'व्ह्यू'मधून ग्रिड दाखवा. जेपेगचे ठोकळे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजले जातात, तेव्हा फोटो कापलेला नसेल तर शिवणी ग्रिडच्या रेघांवर बसतील. ग्रिड चालू-बंद करत बघा. सतत चालू ठेवला तर नसलेले चौकोनही दिसायला लागतात.

सपाट जागा आधी: आकाश, चुन्याची भिंत, गाभाऱ्यातला अंधार. तिथला तुकडा निवडून 'कलर्स'मधल्या 'लेव्हल्स'ने काळा आणि पांढरा बाण जवळ आणा. उजेडातला दोन-चार अंशांचा फरक ताणला की शिवणी वर येतात. छापखान्यात माझ्या फोटोचं झालं ते हेच, फक्त मी ते कागदावर बघितलं.

मग रेघेची कड. कावीचं काम या परीक्षेला फार सोयीचं. काव म्हणजे जांभ्याच्या मातीतून काढलेला तांबडा रंग. चुन्याच्या गिलाव्यावर त्याचा थर देतात आणि ओला असतानाच तो खरवडून खालचा पांढरा चुना उघडा पाडतात. त्यामुळे तांबड्या-पांढऱ्याच्या सीमेवर हत्याराची धार दिसते, रंग कुठे ओघळत नाही. मोरजीच्या मोरजाई देवळातल्यासारख्या वेलबुट्टीचा एखादा देठ ८०० टक्क्यांवर आणून बघा. मूळ फोटोत सीमेवर एक-दोन पिक्सेलांत तांबडं संपून पांढरं लागतं. दाबलेल्यात पांढऱ्यावर फिकट-गडद, फिकट-गडद असे तरंग दिसतात. तरंग जिथे थांबतात ती जागा नीट बघा: ते ठोकळ्याच्या सीमेवर सरळ कापल्यासारखे थांबतात, आणि शेजारचा ज्या ठोकळ्यात रेघ शिरलेलीच नाही तो स्वच्छ असतो.

हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, कारण फोन स्वतःही फोटो शार्प करतो आणि त्यानेही कडेला पांढरी झालर येते. पण ती झालर रेघेबरोबर वळत जाते, सगळीकडे सारख्याच जाडीची. तिला आठ पिक्सेलचं काही पडलेलं नसतं. झालर वळली तर शार्पनिंग, चौकोनात अडकली तर जेपेग.

आता रंग. 'कलर्स'मध्ये 'कंपोनंट्स' आणि त्यात 'डीकंपोज' घ्या, यादीतून वायसीबीसीआर निवडा. तीन करडे थर मिळतील. उजेडाच्या थरात देठ रेखीव आणि रंगाच्या दोन्ही थरांत तोच देठ धुक्यात गेल्यासारखा दिसला, तर रंग निम्मा केलेला आहे. रंगाचा ८ बाय ८ चा ठोकळा मग चित्रातली १६ बाय १६ जागा व्यापतो, म्हणून या थरांत शिवणी दुप्पट अंतरावर शोधा. बरीच सॉफ्टवेअर फाइल उघडताना रंग मऊ करून पसरवतात. पायऱ्या दिसल्या नाहीत तरी धूसरपणा दिसतो. मात्र कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्येही प्रत्येक पिक्सेलला एकच रंग मोजला जातो आणि बाकीचे शेजाऱ्यांवरून भरले जातात, त्यामुळे थोडा धूसरपणा मूळ फोटोतही असतो. एकट्या रंगावरून निकाल देऊ नका.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. चिऱ्यांची भिंत, मंगळुरी कौलांचं छप्पर, लाकडी जाळी, जुन्या अंकातून स्कॅन केलेल्या छापील फोटोतले ठिपके: या सगळ्यांत ठराविक अंतरावर काहीतरी येतच असतं. म्हणून अशी जागा सोडून चित्राच्या तीन वेगळ्या भागांत तपासा. कौलं आकाशात शिरत नाहीत, जेपेगची शिवण शिरते.

आकड्याने खात्री

डोळ्याला शंका आली पण नक्की सांगता येत नाही, अशा वेळी मी इमेजजेकडे जातो. प्रोग्रामिंग यायला लागत नाही.

फोटो उघडा, 'इमेज', 'टाइप' यातून ८ बिट करा. सपाट भागातला साधारण २०० बाय २०० चा तुकडा निवडा. तुकड्याचा डावीकडचा आकडा ८ च्या पटीत ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तो कापून 'सेव्ह अॅज'मधून 'टेक्स्ट इमेज' म्हणून साठवा आणि स्प्रेडशीटमध्ये उघडा. आता प्रत्येक घरात एका पिक्सेलचा उजेड आहे. शेजारच्या नव्या तक्त्यात प्रत्येक घर आणि त्याच्या उजवीकडचं घर यांतला फरक काढा, वजा चिन्ह सोडून. मग प्रत्येक स्तंभाची सरासरी घ्या आणि आलेख काढा.

न दाबलेल्या फोटोत हा आलेख वेडावाकडा पण एकाच पातळीवर राहतो. जेपेग होऊन गेला असेल तर दर आठव्या स्तंभाला टोक येतं. समजा बाकी स्तंभांची सरासरी १ च्या आसपास आहे आणि दर आठवा २ च्या वर जातोय, तर वाद संपला. टोक बारीक असेल तर आठ-आठ स्तंभ एकाखाली एक घेऊन त्यांची सरासरी काढा. उरलेल्या आठ आकड्यांत एकच वेगळा पडतो का ते बघा. उभ्या दिशेनेही हेच करा. दोन्ही दिशांना ८ आला तर योगायोग म्हणता येत नाही.

टोक कुठे आलं, यातून आणखी एक गोष्ट कळते. न कापलेल्या फोटोत शिवण आठव्या आणि नवव्या स्तंभांमध्ये येते. ती पाचव्या आणि सहाव्यामध्ये आली तर दाबल्यानंतर डावीकडून तीन स्तंभ कापले गेले आहेत, किंवा अकरा, किंवा एकोणीस. म्हणजे मूळ फोटो याहून मोठा होता आणि कडेला काहीतरी होतं. जुन्या समूहफोटोत हे फार मोलाचं ठरतं.

फोटोचं माप बदललं असेल तर अंतरही बदलतं. दीडपट मोठा केला तर शिवणी १२ पिक्सेलवर जातात. ४००० वरून १६०० वर आणला तर त्या ३.२ पिक्सेलवर येऊन जवळजवळ पुसल्या जातात. माप बदलल्याचा संशय असेल तर ५१२ बाय ५१२ चा तुकडा घ्या आणि इमेजजेच्या 'प्रोसेस' मेनूतून एफएफटी चालवा, हे गणित चित्रात ठराविक अंतरावर परत येणाऱ्या गोष्टी टिपक्यांनी दाखवतं. मधल्या तेजस्वी बिंदूपासून आडव्या आणि उभ्या रेषेवर ६४, १२८, १९२ अंतरावर टिपके दिसले तर ठोकळा आठचा आहे. अंतर वेगळं असेल तर ५१२ ला पहिल्या टिपक्याच्या अंतराने भागा, ठोकळ्याचं आजचं माप मिळेल.

पुन्हा दाबून बघणं

आधीचा दर्जा किती होता, हे जाणून घ्यायचं असेल तरच ही पायरी करा. प्रतीची निवड करायला तिची गरज पडत नाही.

कल्पना सोपी आहे. एकदा १० च्या पटींवर बसलेले आकडे पुन्हा १० ने भागले तर हलत नाहीत. ७ ने भागले तर हलतात. म्हणून फोटो दर्जा ९५, ९०, ८५ असा उतरत ५० पर्यंत वेगवेगळा साठवा. प्रत्येक प्रत गिम्पमध्ये मूळ फाइलवर थर म्हणून आणा आणि थराचा मोड 'डिफरन्स' ठेवा. दर्जा उतरवत जाल तसा फरक वाढत जाईल, आणि आधीच्या दाबणीचा दर्जा येईल तिथे तो एकाएकी खाली पडेल. हनी फरीद यांनी २००९ साली ही पद्धत 'जेपेग घोस्ट' या नावाने मांडली. चित्राच्या एकाच तुकड्यात फरक असा पडला तर तो तुकडा दुसऱ्या फोटोतून आला असण्याची शक्यता असते.

दोन अटी आहेत. ठोकळे जुळले पाहिजेत: शिवण सरकलेली असेल तर आधी तेवढे स्तंभ कापून ती ८ वर आणा. आणि रंग निम्मा करायचा पर्याय आधीसारखाच ठेवा.

याचीच सोपी आवृत्ती म्हणजे ईएलए (एरर लेव्हल अॅनालिसिस), नील क्रॉवेट्झ यांनी २००७ मध्ये पुढे आणलेली. इंटरनेटवर फोटो टाकला की चमकणारा नकाशा देणारी साधनं बहुधा हेच करतात. निवडणुकीच्या दिवसांत असे नकाशे 'हा फोटो खोटा' म्हणून फिरतात, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. कारण ठळक कडा, अक्षरं आणि गच्च नक्षी ईएलएमध्ये मुळातच उजळ दिसतात. दीपस्तंभाच्या पणत्या चमकल्या म्हणून त्या चिकटवलेल्या ठरत नाहीत. सारख्याच पोताच्या दोन जागांची तुलना करता आली, तरच त्या नकाशाला अर्थ आहे.

जिथे आठचा ठोकळा सापडणार नाही

आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, फोटो जेपेगऐवजी हेइक नावाच्या नव्या प्रकारात साठवू शकतो. त्यातले ठोकळे लहान-मोठे असतात, ६४ पिक्सेलपर्यंत जातात, आणि शिवणी घासून मऊ करणारी चाळणी त्यातच असते. वेबसाइटवरच्या फोटोंसाठी वापरतात त्या वेबपीमध्ये ४ बाय ४ चं गणित, १६ बाय १६ चे गट आणि तशीच चाळणी. जत्रेच्या व्हिडिओतून काढलेल्या चित्राचंही हेच. अशा प्रतीत चौकोन शोधू नका. पोत शोधा. चुन्याचा खरबरीतपणा एका ठिकाणी आहे आणि हातभर अंतरावर पाण्याचा हात फिरवल्यासारखा गुळगुळीत झालाय, असं दिसलं तर बारीक लाटा गेल्या आहेत. एआयने मोठा केलेला फोटो आणखी फसवा असतो. त्यात तरंगांचंच नवं पोत तयार होतं आणि देठाच्या कडेला कारागिराने न ओढलेल्या रेघा उमटतात.

म्हणून नोंद करताना मी दोनच शब्द वापरतो: 'खूण सापडली' किंवा 'खूण सापडली नाही'. 'मूळ' हा शब्द फक्त फोनमधून किंवा कार्डावरून मी स्वतः उतरवलेल्या फाइलला. फोटो मागतानाही आता व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगतो. तसा पाठवला तर फाइल जशी आहे तशी येते.

काकांना मी छापून आलेलं पान आणि ग्रिड लावलेला फोटो शेजारी ठेवून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "फोटो भाच्याने काढलेला. मला त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला, मी टिफ करून घेतला." भाचा मडगावला. रविवारी गेलो, त्याचा जुना फोन चार्ज केला. फाइल तिथेच होती, ४००० बाय ३००० ची. त्याच देठाची कड ८०० टक्क्यांवर उघडली. तरंग नव्हते. तांबडं जिथे संपतं तिथे चुन्यावर हत्यार घसरल्याचे तीन बारीक ओरखडे होते, माझ्या छापील पानावर त्यांच्या जागी नुसता मळकट पट्टा आला होता.